मी सांगितले होते

आमच्या भिलाईत माणसे काट्यांवर विश्वास ठेवून जगतात. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. तेव्हापासून या गावातील तीन पिढ्यांनी दाबाचे, उष्णतेचे आणि वायूचे काटे वाचीत आयुष्य काढले आहे. काटा हलला की माणसाने हलावे, हा येथील साधा नियम. पण काटा वाचणारा एक असतो आणि निर्णय घेणारा पुष्कळदा दुसरा असतो. या दोघांच्या मधल्या जागेविषयी मला आपणांशी काही बोलावयाचे आहे.

आपणांस एखादी शंका आली आहे, खात्री मात्र नाही. निर्णय आपल्याहून वडील, आपल्याहून अनुभवी अशा माणसाच्या हाती आहे. अशा वेळी ती शंका किती मोठ्याने सांगावी? आणि एकदा सांगितली म्हणजे आपले कर्तव्य संपले काय?

या प्रश्नाचा विचार मी भट्टीजवळ बसून करण्याऐवजी विमानाच्या चालककक्षात बसून करतो, कारण तेथे उशिराची किंमत इंधनात मोजता येते.

28 डिसेंबर 1978 च्या संध्याकाळी डेन्व्हरहून निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे एक डीसी-8 विमान अमेरिकेतील पोर्टलंड येथे उतरण्याच्या बेतात होते. चाके बाहेर काढताना मोठा धक्का बसला आणि ती नीट बसली आहेत की नाहीत, याविषयी संशय उत्पन्न झाला. कॅप्टन अत्यंत अनुभवी गृहस्थ होते. प्रवाशांना संकटकालीन अवतरणासाठी तयार करता यावे म्हणून त्यांनी विमान शहराजवळ सुमारे तासभर घिरट्या घालीत ठेवले. त्यांची काळजी खरी होती, हेतू निर्मळ होता. परंतु या काळात इंधन संपत चालले होते, आणि ते आकडे फ्लाइट इंजिनियरसमोर होते. आणखी पंधराएक मिनिटांचा हिशेब धरा, असे कॅप्टनने सांगितले तेव्हा इंजिनियर म्हणाला की, पंधरा मिनिटे म्हणजे इंधन फारच खाली जाईल. म्हणजे त्याने सांगितले. पण संभाषण पुन्हा चाकांकडे वळले, आणि त्यानेही ते वळू दिले. पुढे पहिले इंजिन बंद पडले तेव्हा कॅप्टनने विचारले, का?

त्या एका प्रश्नापाशी मी अनेकदा थांबलो आहे. शेजारी बसलेले दोघे आकडे सांगत होते, आणि तरीही कॅप्टनला कारण विचारावे लागले. विमान धावपट्टीपासून सुमारे सहा सागरी मैलांवर वस्तीत कोसळले. 189 जणांपैकी 10 जण मृत्यू पावले. त्यांत तो फ्लाइट इंजिनियरही होता. चौकशीत आढळले की चाके खाली येऊन घट्ट बसलेली होती. ज्याची भीती बाळगली ते शाबूत होते आणि ज्याकडे डोळेझाक झाली ते संपले होते.

चौकशी मंडळाने दोष प्रामुख्याने कॅप्टनकडे दिला, हे खरे. पण त्याच अहवालात असेही नोंदले आहे की, इतर दोघांना एक तर परिस्थितीचे गांभीर्य पूर्णपणे उमगले नाही, किंवा आपली चिंता कॅप्टनपर्यंत परिणामकारकपणे पोहोचवता आली नाही. वैमानिकांना उड्डाणाबरोबर एकमेकांशी बोलण्याचे आणि एकमेकांचे ऐकण्याचेही रीतसर शिक्षण द्यावे, हा विचार या अपघातानंतर रुजला आणि आज तो जगभर मान्य आहे.

आपण म्हणाल, ही तर अमेरिकेची गोष्ट, तेथे माणसे परखड बोलतात. मग 25 जानेवारी 1990 ची गोष्ट ऐका. कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेल्या आव्हियांका कंपनीच्या बोइंग 707 विमानाला खराब हवामानामुळे एकूण 77 मिनिटे आकाशात ताटकळत ठेवण्यात आले. इंधन संपत आले आहे असे सहवैमानिकाने नियंत्रकांना सांगितले, प्राधान्य द्यावे अशी विनंतीही केली. मात्र 'आणीबाणी' हा शब्द त्याने शेवटपर्यंत उच्चारला नाही. कॅप्टन त्याला तसे कळवण्यास आपल्या भाषेत बजावीत होता, पण पलीकडे पोहोचली ती सौम्य विनंती. नियंत्रकांच्या कानांनी ती इतर अनेक विनंत्यांच्या रांगेत लावली. 158 पैकी 73 जण दगावले. सौजन्य हा सद्गुण आहे, असे आपणांस घरी आणि मंदिरात शिकवले गेले, आणि ते योग्यच आहे. पण येथे सौजन्य कोणाच्या कामी आले, हे मला सांगता येत नाही.

आपल्या देशातही असे घडले आहे, आणि देवदयेने तेथे कोणी दगावले नाही. 15 नोव्हेंबर 1993 रोजी इंडियन एअरलाइन्सचे ए-300 विमान मद्रासहून हैदराबादला गेले. धूसर हवेमुळे तेथे उतरता आले नाही. पुन्हा वर चढताना पंखांच्या मागील कडेचे फ्लॅप आत जाईनात. ते बाहेर राहिले की हवेचा अवरोध वाढतो, वेग घटतो आणि इंधनाचा खप भरमसाट होतो. त्याच अवस्थेत विमान मद्रासकडे परत निघाले. मद्रास गाठणे अशक्य आहे हे कळून चुकले, तेव्हा चालकांनी ते तिरुपतीजवळ भातशेतात उतरवले. आतील 262 माणसे जिवंत राहिली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील तारू ज्याने वाचले आहे, त्याला येथे मलिता बेट आठवल्याशिवाय राहणार नाही. तेथेही तारू फुटले आणि 276 जण तरले. त्या प्रवासात पौलाने आरंभीच धोका सांगितला होता. शताधिपतीने तांडेलाचे आणि तारवाच्या मालकाचे ऐकले, आणि त्यात वरकरणी काहीच चूक नव्हती, कारण समुद्राचे ज्ञान त्यांनाच अधिक होते. पण माझे लक्ष जाते ते पौलाच्या पुढील वागण्याकडे. आपले ऐकायला हवे होते, असे त्याने भर वादळात सर्वांना एकदा म्हटले खरे, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. खलाशी होडी सोडून पळू लागले तेव्हा तो पुन्हा बोलला, उपाशी माणसांना जेवायला लावताना पुन्हा बोलला. पहिला इशारा फुकट गेला म्हणून त्याने दुसरा राखून ठेवला नाही.

शंका नेहमी दुसऱ्याच्या कानापाशीच अडते, असेही नाही. कधीकधी ती आपल्याच मनात अडते. 24 ऑगस्ट 2001 च्या पहाटे टोरंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्झॅटच्या विमानात दोन पंखांतील इंधनाच्या साठ्यात तफावत दिसू लागली. त्यापूर्वी उजव्या इंजिनाच्या तेलाचे काही विचित्र आकडे दिसले होते, त्यामुळे चालकांना वाटले की यंत्रच खोटे दाखवीत असावे. इतके इंधन नाहीसे होईलच कसे? त्यांनी तफावतीवरचा नेहमीचा उपाय केला आणि भरलेल्या बाजूचे इंधन रित्या बाजूच्या इंजिनाकडे वळवले. गळती नेमकी त्याच इंजिनाच्या नळीत होती. काही दिवसांपूर्वी बदललेल्या त्या इंजिनात न जुळणारा भाग बसवल्यामुळे दोन नळ्या एकमेकींवर घासत होत्या. परिणामी चांगल्या टाकीतील इंधनही अटलांटिकवर सांडत गेले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. त्यानंतर त्याच चालकांनी ते अवजड विमान सुमारे 19 मिनिटे इंजिनांवाचून तरंगत नेऊन अझोर्स बेटांवर सुखरूप टेकवले. 306 जण वाचले. त्यांना दोष द्यावा की हार घालावा? मला दोन्ही करावेसे वाटते. वाईट बातमी आणणाऱ्या काट्यालाच खोटे ठरवण्याची ओढ माझ्या ठायीही पुरेपूर आहे.

वाचक हो, येथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर माझ्या लिहिण्याचा विपर्यास होईल. माणसांविषयी संशय घेणे आणि वस्तूंविषयी शंका घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या हेतूविषयी आपली शंका जितकी मोठ्याने बोलावी तितके पाप वाढते. इंधनाविषयीची, दोराविषयीची, औषधाच्या मात्रेविषयीची शंका मात्र गिळली तर पाप वाढते. आपण बहुधा उलट करतो. शेजाऱ्याविषयी चौकात बोलतो आणि दोराविषयी पुटपुटतो.

12 जून 2014 रोजी आमच्या कारखान्यात पंपगृहातील पाण्याचा दाब घसरला आणि कार्बन मोनॉक्साइड वायू पसरला. या वायूला वास नसतो, रंग नसतो. सहा जण गेले, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. त्या रात्री गावात दिवे उशिरापर्यंत जळत होते. वायूने कोणाचा हुद्दा विचारला नाही, एवढेच त्या दिवशी माझ्या मनात राहिले.

आणि त्याच रात्री मला माझी एक जुनी गोष्ट आठवली. तरुणपणी मी येथील एका लहानशा खासगी कारखान्यात काम करीत होतो. क्रेनच्या तारदोराचे काही पदर तुटलेले मला दिसले. फोरमन वयाने वडील, स्वभावाने तापट, पण कामात निष्णात. मी हिंदीत म्हणालो, "साहब, फुरसत मिले तो एक बार देख लीजिएगा." त्या वाक्याची रचनाच पाहा. फुरसत मिळाली तर, आणि पुढे केव्हातरी. त्यांनी मान हलवली, मी कामाला लागलो. मनावरचे ओझे उतरले, ते कोणाच्या खांद्यावर गेले, हे मी पाहिले नाही. अकरा दिवस दोर टिकला. मी रोज त्याखालून जात होतो, आणि रोज मला वाटे की मी सांगितले आहे.

बाराव्या दिवशी दोर तुटला आणि लोखंडी तुळई जमिनीत रुतली. तेथे उभा असणारा हेल्पर पोरगा क्षणापूर्वी पाणी प्यायला गेला होता. धूळ खाली बसल्यावर फोरमन माझ्याकडे वळले. त्यांचे ओठ थरथरत होते. ते म्हणाले, "तुला दिसले होते ना? मग मला हाताला धरून का नाही नेलेस?"

मी सांगितले होते, हे वाक्य माझ्या जिभेवर अकरा दिवस तयार होते. त्या पोराच्या हातात पाण्याचा पेला अजून तसाच होता, आणि माझ्या तोंडून ते वाक्य निघाले नाही.