स्थलनामाचे प्रामाण्य: बेळगावच्या वेशी आणि पाणिनीचा निर्णय

गावाचे नाव कोणत्या आधारावर खरे मानायचे, त्याच्या व्युत्पत्तीच्या की लोकांच्या तोंडच्या रूढीच्या, हा प्रश्न पाणिनीने ‘अष्टाध्यायी’त थेट हाताळला आहे. चौथ्या अध्यायात त्याने स्थलनामांमागचे चार संबंध सांगितले: तिथे एखादी वस्तू असणे, ते कोणी तरी वसवलेले असणे, तिथे कोणाचा निवास असणे आणि ते कशाच्या तरी जवळ असणे. बेळगाव पहिल्या प्रकारात बसते. रट्ट राजांच्या काळातल्या कोरीव लेखांत ते वेणुग्राम, वेळुग्राम म्हणजे वेळूंचे गाव म्हणून येते. किल्ल्यातली कमल बस्ती (जैन मंदिर) त्याच काळातली, १२०४च्या सुमारास रट्टांचा मंत्री बिचिराज याने उभारलेली.

पण नावे कशी घडतात हे सांगणारा पाणिनीच पहिल्या अध्यायात बजावतो की नावाचे प्रामाण्य या घडणीत नाही. ते घडणीत असते तर कारण संपताच नावही संपायला हवे होते. पंचाल क्षत्रिय गेले तरी देश पंचालच राहिला. कंग्राळी खुर्द आणि कंग्राळी बुद्रुक या बेळगावला लागून असलेल्या गावांना हाच न्याय लागू पडतो. फारसीतून महसुली दप्तरात आलेल्या या शब्दांनी एक गाव धाकटे आणि एक थोरले ठरवले. उद्या खुर्दची वस्ती बुद्रुकपेक्षा वाढली म्हणून कोणी नावांची अदलाबदल करणार नाही. योगापेक्षा, म्हणजे व्युत्पत्तीच्या अर्थापेक्षा, रूढी बलवान, असे पुढच्या शास्त्रकारांनीही मानले. चिखलात उगवणारे सगळेच काही ‘पंकज’ होत नाही.

शहराच्या मधोमध असलेली बोगारवेस या विचाराची चांगली कसोटी आहे. बोगार हा कन्नडमधला शब्द, कासार-तांबटांसाठीचा, वेस मराठी. दोन भाषांनी मिळून केलेल्या या नावातली वेस आता उभी नाही, नाव मात्र उभे आहे. त्या चौकाला धर्मवीर संभाजी चौक असे नाव दिलेले आहे, तरी ‘बोगारवेशीत भेटू’ म्हटले की कोणाचीही वाट चुकत नाही. गोवावेशीचेही तसेच. बसवेश्वर सर्कल हे तिचे आजचे नाव, पण जुने नाव मिटलेले नाही. टिळकवाडीत नवे नाव पूर्ण रुजले. लोकमान्यांनी ती वस्ती वसवली नाही, ते तिथे राहायलाही नव्हते, म्हणजे पाणिनीच्या चारही संबंधांत ती बसत नाही. गौरवासाठी नाव देणे हा पाचवा प्रकार म्हणावा लागेल. आधीचा उच्चार ठळकवाडी हायस्कूलच्या नावात राहिला आहे.

नैयायिकांच्या परिभाषेत असे ठरवून दिलेले नाव म्हणजे आधुनिक संकेत. अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा ही ईश्वराची इच्छा, असे प्राचीन नैयायिक म्हणत; नव्यांनी माणसाची इच्छाही पुरेशी मानली. नगरपालिकेचा ठराव ही अशीच माणसांची इच्छा. पण संकेत करणे आणि तो व्यवहारात उतरणे यांत अंतर असते, आणि ते ठरावाने भरून निघत नाही.

धार्मिक नावांचा आधार याहून वेगळा. बेळगावच्या कपिलेश्वराला दक्षिण काशी म्हणतात तेव्हा ओळख पटवणे एवढाच हेतू नसतो. काशीचे पुण्यही त्या नावासोबत इथे आले, अशी श्रद्धा असते. नाम आणि नामी एकच, या भक्तिपरंपरेच्या सिद्धान्ताशी हे जुळते. महानुभावांची भूमिका निराळी. त्यांच्या ‘स्थानपोथी’त चक्रधरांची स्थाने गावाच्या नावावर न थांबता दिशा आणि देवळांच्या खुणांनी नोंदवली आहेत, कारण पावित्र्य स्वामींच्या सहवासाचे आहे, नावाचे नाही.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. मराठी माणसे बेळगावच म्हणत राहिली, आणि कन्नड बोलणाऱ्यांच्या तोंडी बेळगावी आधीपासूनच होते. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात दोन्ही बाजू कोरीव लेखांचा दाखला देतात, पण पाणिनीच्या कसोटीवर तो दाखला नावाचा उगम सांगतो, मालकी नाही. प्रमाण लोक आहेत, आणि इथे लोक दोन भाषांचे आहेत. सरकारी दप्तराला एकच रूप लागते ही कारभाराची गरज झाली. तिच्यामुळे दुसरे रूप खोटे ठरत नाही. पाणिनीनेही सर्वांवर एकच रूप लादले नाही. पूर्वेकडच्यांचा आणि उत्तरेकडच्यांचा प्रयोग त्याने वेगवेगळा नोंदवला. विपाशा म्हणजे बियास नदीच्या उत्तर तीरावरच्या विहिरींच्या नावांत स्वर वेगळा लागतो, एवढ्यासाठी त्याने स्वतंत्र सूत्र केले, आणि दोन्ही तीरांचे उच्चार शुद्ध धरले.