कोठडीतील शब्द

१८७२ चा भारतीय पुरावा अधिनियम तयार झाला, तेव्हा त्याच्या पंचविसाव्या कलमात एक अविश्वास कायमचा नोंदवला गेला. पोलिस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून मांडता येणार नाही, असे ते कलम सांगत असे. परकीय राज्यकर्त्यांनी हा अविश्वास स्वतःच्याच पोलिसांविषयी व्यक्त केला होता, हे विशेष. १ जुलै २०२४ पासून त्या अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. परंतु हे तत्त्व नव्या कायद्याच्या तेविसाव्या कलमात टिकून राहिले. प्रत्येक कबुली खोटीच असते, असे या तत्त्वाला म्हणावयाचे नाही. बंद खोलीत दोनच पक्ष असतात आणि त्यांपैकी एकाची झोप, अन्न व शरीर ही दुसऱ्याच्या स्वाधीन असतात. तेथे उच्चारलेला शब्द बोलणाऱ्याचा किती आणि बोलवून घेणाऱ्याचा किती, हे बाहेरून कळत नाही. म्हणून तो खरा की खोटा हे ठरवीत बसण्यापेक्षा न्यायालयाने तो ऐकूच नये, असे कायद्याने ठरविले.

परंतु न्यायालयाच्या दाराशी अडविलेला हा शब्द दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पोचतो. दहशतवादाच्या आरोपाखाली कोणाला अटक झाली की, त्याने चौकशीत काय सांगितले याचे तपशील वृत्तपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर दिले जातात. बुरख्याने चेहरा झाकलेला माणूस छायाचित्रकारांसमोर उभा केला जातो आणि त्याच्या वतीने अधिकारी बोलतो. जो शब्द न्यायाधीशाने ऐकू नये, तो नागरिकाने ऐकावा काय, आणि ऐकलाच तर कोणत्या वृत्तीने, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. तो पत्रकारितेच्या शिस्तीपुरता नाही. दुसऱ्या माणसाविषयी मत बनविण्याचा अधिकार कोणत्या अटींवर मिळतो, याविषयीचा तो नैतिक प्रश्न आहे.

रायपूर येथे चाललेला डॉ. बिनायक सेन यांचा खटला या प्रश्नाच्या बहुतेक बाजू दाखवितो. त्याची पार्श्वभूमी भयाची होती आणि ते भय खोटे नव्हते. १५ मार्च २००७ रोजी बस्तर भागातील रानीबोदली येथील पोलिस तळावर माओवाद्यांनी केलेल्या हल्ल्यात ५५ जण मारले गेले होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत कोलकात्याचे व्यापारी पीयूष गुहा यांना रायपुरात अटक झाली. तुरुंगातील माओवादी नेते नारायण सन्याल यांची पत्रे सेन यांनी गुहांपर्यंत पोचविली, असा पोलिसांचा आरोप होता. पोलिसांच्या नोंदीप्रमाणे गुहांची अटक ६ मे रोजी झाली; आपल्याला १ मे रोजीच उचलून बेकायदा डांबून ठेवले होते, असे गुहांचे म्हणणे. कोठडीतील शब्दाचे मोल ठरविणारा प्रश्न या दोन तारखांमधील दिवसांत दडलेला आहे. बातमीत मात्र बहुधा एकच तारीख येते.

सेन हे बालरोगतज्ज्ञ आणि लोकस्वातंत्र्य संघटनेचे, म्हणजे पीयूसीएलचे, पदाधिकारी. ते पश्चिम बंगालमध्ये आप्तांकडे गेले असताना स्थानिक वृत्तपत्रांनी त्यांना ‘फरार’ ठरविले. ते परतले आणि १४ मे २००७ रोजी बिलासपूर येथे त्यांना अटक झाली. गावाला जाणे आणि फरार होणे या दोन क्रियांत बाह्यतः काही भेद नसतो. तो भेद हेतूचा असतो, आणि हेतू येथे शब्दाने आगाऊ ठरवून टाकला. सन्याल यांच्याशी सेन यांच्या तुरुंगात झालेल्या ३३ भेटींचेही तसेच. त्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने व त्यांच्या देखरेखीखाली झाल्या होत्या, हे वाक्य जोडले की तो आकडा एका डॉक्टरच्या व कार्यकर्त्याच्या कामाची नोंद ठरतो. वाक्य गाळले की तोच आकडा कटाचा पुरावा वाटू लागतो.

संशय हा वाचनाची कशी दिशा ठरवितो, याचे सर्वांत बोलके उदाहरण न्यायालयातच घडले. सेन यांच्या पत्नीने पाठविलेल्या एका ई-पत्रात ‘आयएसआय’ अशी अक्षरे होती. ती पाकिस्तानी गुप्तचर संस्थेकडे बोट दाखवितात, असे सरकार पक्षाने सुचविले. ती अक्षरे दिल्लीच्या इंडियन सोशल इन्स्टिट्यूट या संस्थेची होती. संहिता तीच, अक्षरे तीच. वाचणाऱ्याने अर्थ आधी निश्चित केला होता. साहित्याच्या अभ्यासकाला हा दोष परिचित आहे. कवितेचे असे वाचन झाले तर फार तर एक समीक्षालेख फसतो. येथे २४ डिसेंबर २०१० रोजी रायपूरच्या सत्र न्यायालयाने सेन, सन्याल व गुहा यांना राजद्रोहाच्या आरोपावरून जन्मठेप सुनावली. १५ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेन यांना जामीन दिला. एखाद्याजवळ गांधींचे आत्मचरित्र सापडले म्हणून तो गांधीवादी ठरत नाही, अशा आशयाचे उद्गार त्या सुनावणीत निघाले. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे खरे. परंतु वस्तू आणि तिचा अर्थ यांत अंतर असते, याची ती आठवण होती.

हे अंतर पुसण्याचे काम वृत्तपत्रीय भाषा फार सहजपणे करते. बोलत्या मराठीत ऐकीव गोष्टीसाठी ‘म्हणे’ हा एक लहानसा शब्द आहे. ‘त्याला पकडलं म्हणे’ असे सांगणारी व्यक्ती त्याच श्वासात कबूल करते की, आपण हे पाहिलेले नाही. कोणी सांगितले म्हणून सांगतो. ज्ञानाचा उगम दाखविणारी ही प्रामाणिक खूण अशिक्षित माणूसही चुकवीत नाही. छापील मराठीने ती ग्राम्य ठरवून टाकून दिली आणि तिच्या जागी ‘चौकशीत निष्पन्न झाले’, ‘तपासात उघड झाले’ अशी कर्ता नसलेली वाक्ये आणली. गणितात उत्तर निष्पन्न होते, तेव्हा कोणीही तीच रीत वापरून ते पडताळू शकतो. कोठडीतील रीत कोणालाच दिसत नाही. कोणी विचारले, कोणी उत्तर दिले, त्यापूर्वी किती रात्री जागरण झाले होते, हे सारे त्या एका क्रियापदात बुडून जाते. रायपूरच्या हिंदी वृत्तपत्रांत हेच काम ‘खुलासा’ हा शब्द करतो. हिंदी बातमीत खुलासा म्हणजे गुपित बाहेर पडणे. मराठीत खुलासा म्हणजे ज्याच्यावर आक्षेप आहे त्याने आपली बाजू स्पष्ट करणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ शेजारी ठेवले की, अशा बातमीत काय उरते आणि काय गळते ते लक्षात येते.

कायद्याने ही त्रुटी ओळखलेली आहे, पण भरून काढलेली नाही. १९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमाप्रमाणे फौजदारी कारवाई ‘प्रलंबित’ मानली जाते ती साधारणतः आरोपपत्र दाखल झाल्यापासून. म्हणजे अटक ते आरोपपत्र हा जो काळ आरोपीला सर्वांत असहाय असतो, तोच प्रसिद्धीला सर्वांत मोकळा असतो. हे संरक्षण अटकेपासूनच लागू व्हावे, अशी शिफारस विधी आयोगाने २००६ मध्ये आपल्या दोनशेव्या अहवालात केली होती. संसदेवरील हल्ल्यानंतर डिसेंबर २००१ मध्ये दिल्ली पोलिसांनी मोहंमद अफझल याला वार्ताहरांसमोर बोलते केले. ४ ऑगस्ट २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनीच जुळवून आणलेल्या त्या मुलाखतीला काहीही वजन देण्याचे नाकारले. अफझलची शिक्षा इतर पुराव्यांवर कायम झाली. परंतु ती मुलाखत देशाने केव्हाच पाहिली होती. पुढे ३१ ऑगस्ट २०१८ रोजी, भीमा-कोरेगाव प्रकरणात, महाराष्ट्र पोलिसांनी पत्रकार परिषदेत आरोपींची म्हणून काही पत्रे वाचून दाखविली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या भिन्नमतपत्रात त्या वर्तनावर कठोर टीका केली. माध्यमांना माहिती देण्याविषयी पोलिसांसाठी नियमावली करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाला दिला.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. बातमी छापलीच नाही, तर अटक झालेला माणूस अंधारात नाहीसा होईल. पोलिसांनी कोणाला, केव्हा, कोठे नेले हे लोकांना कळणे हेच छळाविरुद्धचे पहिले संरक्षण आहे. सेन यांच्या प्रकरणाची वार्ता देशाबाहेर गेली नसती, तर २००८ मध्ये २२ नोबेल पारितोषिक विजेत्यांनी त्यांच्या सुटकेचे आवाहन केले नसते. शिवाय स्फोटांत आप्त गमावलेल्यांना तपास कोठवर आला हे जाणण्याचा हक्क आहे. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच मौन हे उत्तर होऊ शकत नाही. परंतु अटकेची बातमी आणि कबुलीची बातमी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली बंद खोलीला खिडकी पाडते. दुसरी त्या खोलीतील बलवान पक्षाचा आवाज बाहेर आणते आणि तोच दुर्बलाचा आहे असे सांगते.

बळींचा हक्क पुढे केला जातो, तेव्हा तो हक्क नेमका कशाचा, हेही पाहिले पाहिजे. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील स्फोटांत १८० हून अधिक माणसे मेली. महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविषयक कायद्याने वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली पुरावा म्हणून ग्राह्य मानली आहे; त्या दाराने आलेल्या कबुलीजबाबांवर खटला बव्हंशी उभा होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ते कबुलीजबाब अविश्वसनीय ठरवून बाराही दोषींना निर्दोष सोडले. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात न धाडता, हा निकाल पूर्वोदाहरण मानू नये, असे त्या न्यायालयाने म्हटले. सप्टेंबर २००६ मधील मालेगाव स्फोटांच्या प्रकरणी प्रथम पकडलेल्या मुस्लिम आरोपींना २०१६ मध्ये दोषमुक्त केले गेले. अशा वेळी ज्यांची माणसे मेली, त्यांच्या हाती काय उरते? त्यांना खात्री देण्यात आली होती. ती काढून घेतली गेली आणि सत्य मिळाले नाही. घाईने दिलेली खात्री हा बळींवरचाही अन्याय असतो.

या विषयाला रायपुराशी आणि मराठीशीही जुळलेला एक जुना धागा आहे. छत्तीसगढमधील आद्य नियतकालिक ‘छत्तीसगढ मित्र’ १९०० साली पेंड्रा येथून काढणारे माधवराव सप्रे मराठी घराण्यातले. पुढे नागपूरहून ‘हिंदी केसरी’ चालविताना १९०८ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या त्याच कलमाखाली अटक झाली, ज्याखाली शतकानंतर रायपूरच्या न्यायालयाने सेन यांना दोषी ठरविले. कुटुंबीयांच्या दडपणामुळे सप्रे यांनी माफी लिहून दिली आणि ते सुटले. ते माफीपत्र हाही कोठडीतीलच शब्द होता. एवढ्यावरून त्यांची पारख करणाऱ्याला एक भित्रा संपादक दिसला असता. परंतु त्यानंतर त्यांनी ‘दासबोध’ हिंदीत आणला आणि लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवादही त्यांच्याच हातून झाला. माणूस त्याच्या सर्वांत असहाय क्षणी लिहून दिलेल्या कागदाहून मोठा असतो, हे त्यांच्या उत्तरायुष्याने सिद्ध केले.

तेव्हा वृत्तपत्राकडून मागावयाचे ते फारसे अवघड नाही. अटकेची पोलिसांची तारीख आणि कुटुंबाची तारीख दोन्ही द्याव्यात; चौकशीतील म्हणून जे सांगितले जाते ते कोणत्या अधिकाऱ्याने सांगितले हे नावानिशी लिहावे; आरोपीचा वकील त्याला भेटू शकला किंवा नाही हे नमूद करावे; आणि अटक ज्या पानावर छापली, सुटकाही त्याच पानावर छापावी. वाचकाकडून मागावयाचे मात्र याहून कठीण आहे. भयाच्या काळात अपराधी सापडला असे वाटणे सुखाचे असते आणि त्या सुखाची किंमत कोणी दुसराच मोजत असतो. ते सुख काही काळ लांबणीवर टाकणे, आणि ‘निष्पन्न झाले’ असे छापलेले वाक्य वाचताना त्याच्यापुढे मनातल्या मनात ‘म्हणे’ जोडणे, एवढे प्रत्येकाच्या हाती आहे. न्यायाधीशावर ही शिस्त कायद्याने घातलेली आहे. नागरिकाला ती स्वतःवर स्वतःच घालून घ्यावी लागते.