मेरू, ध्रुव आणि पृथ्वीचा आकार

पृथ्वी सपाट की गोल, हा भारतीय परंपरेत केवळ गणिताचा प्रश्न नव्हता. तो शास्त्रप्रामाण्याचाही प्रश्न होता. भागवतासारख्या पुराणांत पृथ्वी विस्तीर्ण व सपाट आहे. तिच्या मध्यभागी जंबुद्वीप, त्याच्या मधोमध सुवर्णमय मेरू. सूर्य मेरूभोवती फिरतो आणि त्याच्या आड गेला की रात्र होते. खगोलगणिताचे ग्रंथ रचणाऱ्या सिद्धांतकारांची पृथ्वी मात्र, आर्यभटाच्या 499 सालच्या काळापासून, आकाशात निराधार असलेला गोल आहे. दोन्ही मते पूज्य ग्रंथांच्या आधारे मांडली जात. म्हणून निवाड्यासाठी दोन्ही पक्षांना सारखेच दिसणारे आकाश साक्षीला बोलवावे लागले.

या वादाची सर्वांत नेटकी मांडणी सह्याद्रीच्या परिसरात राहणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 साली ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात केली. त्यांचे आक्षेप सरळ आहेत. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर उंच फिरणारा सूर्य सर्वांना सदैव का दिसत नाही? मेरूमुळे रात्र होत असेल, तर सूर्याला झाकणारा तो पर्वत स्वतः का दिसत नाही? शिवाय मेरू उत्तरेला आहे. मग वर्षातला अर्धा काळ सूर्य पूर्वबिंदूच्या दक्षिणेला कसा उगवतो? त्याआधी ज्योतिर्विद लल्लानेही विचारले होते, की जमीन सपाट असेल तर दूरचे उंच ताडवृक्ष का दिसेनासे होतात?

पृथ्वी डोळ्यांना सपाट दिसते, हे भास्कराचार्य नाकारत नाहीत. ते त्याचे कारण देतात. मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा लहानसा भाग सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड, माणूस अगदी लहान, म्हणून त्याच्या नजरेत येणारा तुकडा सपाट वाटतो.

ध्रुवाचा पुरावा याहून निर्णायक आहे. विषुववृत्तावर ध्रुव क्षितिजाला टेकलेला असतो आणि उत्तरेकडे जावे तसा तो वर चढतो. ही उंची म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश: कन्याकुमारीला सुमारे 8 अंश, मुंबईला 19, श्रीनगरला 34. दक्षिणेकडचा अगस्त्य तारा याच प्रवासात खाली उतरतो. कन्याकुमारीला तो क्षितिजापासून सुमारे 29 अंशांपर्यंत चढतो, श्रीनगरला जेमतेम 3 अंशांपर्यंत. अंतराच्या प्रमाणात होणारा हा बदल वक्र पृष्ठभागावरच सहज उलगडतो. भास्कराचार्यांनी उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर, म्हणजे साडेबावीस अंशांवर, धरली. तेवढ्या अंतराची सोळापट केली की पृथ्वीचा परिघ हाती येतो. आजच्या मोजणीने उज्जैनचा अक्षांश सुमारे 23.2 अंश आहे.

जैन मतातील आळीपाळीने उगवणाऱ्या दोन सूर्यांचे खंडनही आकाशाच्याच आधारे होते. ध्रुवाजवळचा ध्रुवमत्स्य हा तारकासमूह एका अहोरात्रात पूर्ण फेरा करतो. सूर्यही त्याच दैनंदिन गतीने फिरत असल्याने रोजच्या उदयास्ताला एकच सूर्य पुरतो.

धर्मश्रद्धेशी सर्वांत नाजूक गाठ ग्रहणात पडते. चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो म्हणून चंद्रग्रहण होते, हे गणित आर्यभटापासून सिद्ध होते. पण ग्रहणातले स्नान-दान राहूच्या कथेवर उभे होते. भास्कराचार्यांनी तोड काढली: तमोरूप राहू ब्रह्मदेवाच्या वराने पृथ्वीच्या छायेत शिरून चंद्राला झाकतो. मेरूही सिद्धांतांनी टाकून दिला नाही. तो उत्तर ध्रुवावर नेला. तिथे सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र असते, आणि देवांचा एक दिवस म्हणजे माणसांचे एक वर्ष हे पुराणवचन गोलाच्या भूमितीत बसते.

हा वाद एकोणिसाव्या शतकात पुन्हा पेटला. भोपाळजवळच्या सीहोर येथे ब्रिटिश अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या प्रोत्साहनाने सुबाजी बापू यांनी 1836 साली मराठीत ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ लिहून पौराणिक, सैद्धांतिक आणि कोपर्निकसची मते शेजारी ठेवली. पुराणांच्या बाजूनेही पंडितांनी लेखणी उचलली.

या परंपरेचा निष्कर्ष स्पष्ट आहे. धर्मग्रंथाचा अधिकार आचार, उपासना आणि मोक्ष यांत मानावा. पण ग्रंथ डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूबद्दल बोलतो, तेव्हा त्याचा अर्थ प्रत्यक्षाशी जुळवूनच लावावा लागतो. भास्कराचार्यांनी तसे केले आणि त्यासाठी श्रद्धा सोडण्याची त्यांना गरज पडली नाही.