टिंबाकची किल्ली

फिलिपिन्समधल्या बेंगेट प्रांतात, कबायानच्या डोंगरावर टिंबाकच्या गुहा आहेत. इबालोय लोकांचे पूर्वज तिथे पाइनच्या खोडातून कोरलेल्या पेट्यांत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आहेत. मरण जवळ आलं की माणसाला खारट पाणी पाजायचं. प्राण गेल्यावर देह बसवून मंद जाळाचा धूर द्यायचा, झाडपाल्याचा रस चोळायचा. आठवडेच्या आठवडे हे चाले. काहींच्या कातडीवरचं गोंदण अजून दिसतं. 1973 मध्ये सरकारने या ममींच्या गुहांना राष्ट्रीय ठेवा ठरवलं. पण घोषणा ऐकून चोर थोडेच माघारी फिरतात? म्हणून कुलपं आली.

किल्ली एका म्हातारीकडे होती. एकदा मनिलाहून एक तरुण कॅमेरा घेऊन आला.

“आपो,” त्याने आदराने हाक मारली, “उघडता का? पाच मिनिटांचं काम आहे.” त्याने पावती पुढे केली.

म्हातारी कोबीच्या वाफ्यातून हात झटकत उठली. “ही कचेरीची परवानगी झाली. घरच्यांची?”

“कुठले घरचे?”

तिने गुहेच्या तोंडाशी जिनचे थेंब शिंपडले, काहीतरी पुटपुटली. “आता तू सांग त्यांना. कुणाचा कोण?”

“मी फोटोग्राफर—”

“धंदा नंतर.”

त्याने बापाचं नाव सांगितलं, आजोबांचं सांगितलं आणि अडला. मग चिडला. “मेलेल्यांना काय फरक पडतो, आपो?”

“बुगियासच्या ममी झालेल्या आपो अन्नूला 1918च्या सुमारास असंच न विचारता उचलून नेलं. जत्रेतही मांडला म्हणे. इकडे पाऊस हटला, पिकं गेली, जमीन हादरली. लोक म्हणाले, म्हातारा घरी नाही म्हणून. 1984 मध्ये परत आणून बसवला.”

“आणि तुम्ही ते खरं मानता?”

“तुझ्या आजोबांना कुणी पेटीसकट नेलं, तर तू पावसाची वाट बघशील की शोधायला निघशील?”

तो वरमला. “मी काही नेणार नाही. फक्त फोटो.”

“तेही नेणंच की.” तिने किल्ली कमरेला खोचली. “आज ते नको म्हणतायत.”

“ते, की तुम्ही?”

म्हातारी मनापासून हसली. “तुला ते ओळखत नाहीत, मीही नाही. बटाटे काढायच्या वेळी माणसं कमी पडतात, तेव्हा ये. दोन वेळचं जेवण, झोपायला जागा देईन. ओळख झाली की विचारू पुन्हा. आणि येताना पणजोबांचं नाव घरी विचारून ये.”