इंग्रजी येत नाही, की वाक्य लिहायचंच नाही?

पदवी तुझ्या हातात आहे. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकेत सकाळी सातपासून खुर्ची अडवून बसतोस. प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअसची व्याख्या झोपेतून उठवून विचारली तरी घडाघडा म्हणशील. आणि काल वाळूजच्या कंपनीसाठी चार ओळींचा अर्ज लिही म्हटलं, तर पहिलं वाक्य काय लिहिलंस? ‘आय फ्रॉम टू इयर्स एमपीएससी प्रिपेअरिंग.’ शब्द इंग्रजी, वाक्य अस्सल मराठी. क्रियापद ढकलत ढकलत शेवटी नेलंस, सहायक क्रियापद तर गिळूनच टाकलंस. वर मला ऐकवतोस, ‘सर, माझं इंग्लिश लहानपणापासूनच कच्चं आहे.’

लहानपणापासून? 2000 सालापासून मराठी शाळेतही पहिलीपासून इंग्रजी आहे. बारावीपर्यंत बारा वर्षं, पुढं पदवीची तीन. पंधरा वर्षं तू त्या भाषेच्या शेजारी बसलास आणि स्वतःचं एक वाक्य तिच्यात केलं नाहीस. निबंध गाइडातून उतरवलास. पत्र पाठ केलंस. उताऱ्याखालच्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यातूनच उचललंस. हे कच्चेपण तुला कुणी दिलेलं नाही, तू ते पोसलंयस.

आणि ‘आम्ही मराठवाड्याचे, आम्हाला बॅकग्राउंडच नाही’ हे पालुपद आधी बंद कर. 17 सप्टेंबर 1948ला निजामी राजवट संपली, तोवर इथं वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत होतं. 1950 साली बाबासाहेबांनी या शहरात कॉलेज काढलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. त्याच्या आवारात, नागसेनवनात, जी पोरं शिकायला आली, त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरात त्यांच्याआधी कुणी पाटीला हात लावला नव्हता. ती पोरं तिथून पदव्या घेऊन बाहेर पडली. त्याच कॉलेजचे प्राचार्य म. ना. वानखेडे अमेरिकेत इंग्रजी साहित्याचा अभ्यास करून आले होते. तुझ्या खोलीवरून नागसेनवनात चालत जाता येतं. जा एकदा, आणि तिथं उभा राहून म्हण, मला बॅकग्राउंड नाही. जीभ रेटते का बघ.

आता मुद्द्यावर येऊ. तुझं अडतं कुठं, हे तुला कळत नाही असं नाही. कळतं, पण वळत नाही. ‘कंडक्टरनं म्हातारीला हाक मारली.’ हेच वाक्य ‘म्हातारीला कंडक्टरनं हाक मारली’ असं केलंस, तरी हाक मारणारा कंडक्टरच राहतो. का? कारण ‘नं’ आणि ‘ला’ शब्दाला चिकटून आहेत. शब्द कुठंही गेला तरी आपलं काम सोबत घेऊन जातो. इंग्रजीत ‘द कंडक्टर कॉल्ड द ओल्ड वुमन’ उलटं कर. लगेच म्हातारी कंडक्टरला हाक मारते. तिथं नामाला प्रत्यय नाही, म्हणून जागा हाच प्रत्यय. हजारएक वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना असे प्रत्यय होते. ते झिजले आणि त्यांचं काम क्रमावर येऊन पडलं. म्हणून कर्ता आधी, क्रियापद त्याच्या मागोमाग, कर्म त्यानंतर. एवढं समजायला तुला किती वेळ लागला? दोन मिनिटं. मग पंधरा वर्षं कशात घालवलीस?

पुढचं ऐक, कारण खरं घोडं इथं पेंड खातं. ‘औरंगपुऱ्यातून घेतलेलं पुस्तक.’ मराठीत पुस्तकाबद्दल जे सांगायचं ते सगळं पुस्तकाच्या आधी येतं. इंग्रजीत आधी ‘द बुक’ आणि मग त्याची हकिगत: ‘द बुक आय बॉट इन औरंगपुरा.’ ‘टेबलावर’मधला ‘वर’ मागून येतो, ‘ऑन द टेबल’मधला ‘ऑन’ पुढं उभा. ‘नाही’ आपण शेवटी म्हणतो; इंग्रजी ‘नॉट’ सहसा मुख्य क्रियापदाच्या आधीच येऊन थांबतं. आणि प्रश्न? ‘व्हाय यू डिडन्ट कम?’ असं तू परवा सगळ्या वर्गासमोर विचारलंस. मराठीत प्रश्नासाठी कर्त्याला हलावं लागत नाही, म्हणून तू ‘यू’ला जागचा हलवला नाहीस. इंग्रजीत ‘डिडन्ट’ उडी मारून कर्त्याच्या आधी जातं. हे तुला सातवीत शिकवलं होतं. चार पर्यायांतून बरोबर वाक्य आजही तू अचूक ओळखतोस, मी पाहिलंय. म्हणजे नियम डोक्यात आहे, हातात नाही. तुझ्यावर माझा राग आहे तो यासाठी. ज्याला येतच नाही त्याच्यावर मी आवाज चढवत नाही.

ही अडचण एकट्या मराठी माणसाची आहे असंही समजू नकोस. जपानी भाषेतही क्रियापद शेवटी येतं. ए. एस. हॉर्नबी नावाचा इंग्रज गेल्या शतकात वर्षानुवर्षं जपानात इंग्रजी शिकवत होता. इंग्रजी क्रियापदं कोणकोणत्या साच्यांत बसतात ते त्यानं निगुतीनं लावलं आणि 1954च्या पुस्तकात असे 25 साचे मांडले. त्याआधी 1904 मध्येच सी. टी. ओनियन्सनं सगळा पसारा पाच मूळ साच्यांवर आणला होता. पाच! हाताच्या बोटांएवढे. ‘बर्ड्स फ्लाय’ हा पहिला. ‘माय फादर इज अ फार्मर’ दुसरा. ‘ही ग्रोज कॉटन’ तिसरा. ‘ही सेंट मी मनी’ चौथा. ‘ही कॉल्स मी लेझी’ पाचवा. पाचवा तुझ्यावरच केलाय, लक्षात ठेवायला सोपा जाईल.

तुझा बाप आधी पेरून मग नांगरत नाही. तू मात्र वाक्य उभं राहण्याआधीच ‘हिंदू’च्या अग्रलेखातले जड जड शब्द वहीत गोळा करतोस. ‘पाल अँड सुरी’च्या पानापानावर तीन रंगांच्या रेघा ओढल्यास. रेघ ओढणं म्हणजे अभ्यास नव्हे. ‘तीस दिवसांत फाडफाड इंग्लिश’चे व्हिडिओ दीडपट वेगानं बघणं हाही नव्हे. त्यात चूक होत नाही, म्हणूनच ते तुला आवडतं. कोरा कागद पुढं आला की चूक दिसते, आणि तुला घाम फुटतो. मग म्हणतोस, आधी व्याकरण पक्कं करतो, मग लिहितो. आणखी किती वर्षं पक्कं करणार? लिहिल्याशिवाय ते पक्कं होतं तरी कसं, सांग की!

आणि चुकलास तर कोण हसणार आहे? जो हसेल त्याला म्हण, पाच साच्यांत पाच वाक्यं तू करून दाखव.

आज मेसवर जाण्याआधी पंचवीस वाक्यं लिही. प्रत्येक साच्यात पाच. विषय तुझे: बाप, रान, खोली, एसटी, परीक्षा. पुस्तकातलं एकही नको. शब्द साधे, चौथीच्या पोराला कळतील असे. प्रत्येकाचा नकार कर, प्रत्येकाचा प्रश्न कर. क्रियापदाखाली रेघ मार. रेघा ओढायची हौस आहे ना, तिथं भागव. मोबाइल खोलीवर ठेव. उद्या सकाळी साडेसहाला वही माझ्या टेबलावर पाहिजे, चुकांसकट. कोरी वही घेऊन दारात उभा राहिलास तर आत घेणार नाही.