आग कुणाला आधी दिसली?

फेब्रुवारी 2011 मध्ये नोकियाचे प्रमुख स्टीफन इलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक पत्र लिहिलं. समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटाला आग लागलीय. वर थांबून जळायचं की खाली बर्फगार पाण्यात उडी घ्यायची, असा त्यातला दाखला. पत्र लगेच फुटलं. 11 तारखेला नोकियाने स्मार्टफोनसाठी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनची वाट धरली आणि घरच्या सिम्बियन या कार्यप्रणालीला निरोप दिला. त्या दिवशी फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या कार्यालयातून शेकडो कर्मचारी काम टाकून बाहेर पडले.

नोकरी जाण्याची भीती होतीच. पण मला वाटतं, संतापाचं मूळ वेगळं होतं. आग लागल्याचं त्यांनाच सर्वांत आधी कळलं होतं. ती बातमी आता वरून, त्यांना शहाणं करण्याच्या सुरात येत होती.

क्वी ह्यू आणि टिमो वुओरी या अभ्यासकांनी पुढे नोकियातल्या 76 जणांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. वरच्यांना बाजाराची आणि भागधारकांची भीती, मधल्यांना वरच्यांच्या रागाची. सिम्बियन आयफोनपुढे टिकणार नाही हे तिच्यावर राबणाऱ्यांना ठाऊक होतं. मात्र मधल्या फळीत पोहोचेपर्यंत ‘जमणार नाही’चं ‘थोडा उशीर होईल’ व्हायचं. हे इलॉप येण्याच्या आधीचं, त्यामुळे सारं खापर त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण ज्या कंपनीत खरं बोलणं महागात पडतं, तिथे चुकीच्या निर्णयाची किंमत बहुधा तो न घेतलेला माणूसच मोजतो.

जून 2012 मध्ये आणखी 10,000 नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. फिनलंडमधल्या सालो या छोट्या शहराचा कारखाना त्यात गेला. नोकियाने ‘ब्रिज’ योजनेतून कामावरून कमी केलेल्यांना प्रशिक्षण दिलं, नव्या धंद्यासाठी पैसे दिले; शेकडो लहान कंपन्या त्यातून उभ्या राहिल्या. हे श्रेय द्यायलाच हवं. आपल्याकडच्या किती कंपन्या निरोपाच्या मेलपलीकडे एवढं करतात?

मात्र 2013 मध्ये फोनचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरलं आणि इलॉप यांना तिकडे जाताना सुमारे 1 कोटी 88 लाख युरो मिळणार असल्याचं बाहेर आलं, तेव्हा फिनलंडचे मंत्रीही जाहीरपणे चिडले. त्यातला मोठा वाटा मायक्रोसॉफ्ट देणार होती. कायद्याने सगळं चोख. सालोतल्या माणसाला हा हिशेब कसा पटावा?

जुलै 2014 मध्ये, तोवर मायक्रोसॉफ्टमध्ये गेलेल्या इलॉप यांनी पुन्हा एक लांबलचक पत्र लिहिलं. सुरुवात खेळीमेळीची, मग उत्पादनांची धोरणं, आणि बऱ्याच परिच्छेदांनंतर साडेबारा हजार नोकऱ्या जाणार असल्याचा उल्लेख. फलाटाच्या पत्रात निदान आग पहिल्याच ओळींत होती.

नोकियाचा चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना तर करवादामुळे विक्रीतूनच वगळला गेला. हजारो कामगारांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि 1 नोव्हेंबर 2014 रोजी तिथलं उत्पादन थांबलं. तिथे राबणाऱ्या मुलींनी हातातलं काम नीट केलं होतं; सिम्बियन की विंडोज, हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

जून 2015 मध्ये इलॉप मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडणार असल्याचं जाहीर झालं. पुढच्याच महिन्यात कंपनीने नोकियाच्या फोन व्यवसायाच्या खरेदीपोटी 760 कोटी डॉलर बुडीत धरले आणि आणखी 7,800 जणांना, मुख्यतः फोन विभागातल्या, घरी पाठवायचं ठरवलं.