बांधावरची दोन तासं

दुधनेच्या काठी, जालन्यापासून फार लांब नाही अशा एका गावात, एक म्हातारा-म्हातारी राहत होती. अडीच एकर काळं रान होतं. त्यात दरसाल मालदांडी शाळू पेरायचा आणि खालच्या अंगाला थोडा हरभरा. बांधापलीकडे म्हाताऱ्याच्या चुलतभावाचं रान होतं. गाव म्हाताऱ्याला आबा म्हणायचं आणि चुलतभावाला बापू. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. बांध कुणी कोरला यावरून भांडण झालं होतं, आणि ते होतं एका तासाचं. एक तास म्हणजे हातभर रुंदीची पट्टी.

दिवाळी झाली की म्हातारी ओसरीच्या वाशाला कणसांचा झुबका टांगायची. गेल्या साली खळ्यावरून राखून ठेवलेली कणसं असायची ती. खाली मातीच्या परळात पाणी. चिमण्या यायच्या, बुलबुल यायचे, साळुंक्या यायच्या. थंडीचा एक पाहुणाही यायचा. काळं अंग, विटकरी पोट आणि सारखं थरथरणारं शेपूट. थिरथिरा. तो दाण्याला तोंड लावायचा नाही. अंगणातला एखादा किडा टिपायचा, पाणी प्यायचा आणि तुळशीच्या कट्ट्यावर बसून राहायचा. "दिवाळीला येतो, शिमग्याला जातो," म्हातारी सांगायची. तिच्यासाठी तो माहेराहून आल्यासारखाच होता.

आबांना हे पटायचं नाही. ते म्हणायचे, "मी दिवसभर पाखरं हाकलायची आन् तू दारात बोलवायची."

"दारात खाल्लेलं मोजता येतं," म्हातारी म्हणायची आणि भाकरी थापायला बसायची.

शाळू हुरड्यात आला, की भोरड्या उतरायच्या. मळकट गुलाबी अंग, डोकं नि पंख काळे. आभाळात आधी काळा पट्टा दिसायचा, मग तो वळायचा, फाटायचा, पुन्हा जुळायचा आणि पाऊस पडावा तसा रानात पडायचा. हे पाखरू मध्य आशियातून येतं. तिकडे ते टोळांचा फडशा पाडतं, म्हणून चीनच्या शिनजियांग प्रांतात 1980च्या दशकापासून त्याच्यासाठी मुद्दाम घरटी बांधून देतात. आबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. असतं तरी त्यांनी गोफण खाली ठेवली नसती. कणीस दुधात असताना एवढा थवा बसला, की मागे नुसता भुसा राहतो. पेरणाऱ्याचा जीव तुटणारच.

आबा पहाटेच माळ्यावर चढायचे. गोफण फिरायची, खडा सुटायचा, हाळी घुमायची. थवा उठायचा आणि बांधापलीकडे बापूच्या शाळूत बसायचा. मग बापू पत्र्याचा डबा बडवायचा. थवा उठायचा आणि आबांच्या शाळूत यायचा. आबांना वाटायचं, बापू मुद्दाम आपल्याकडे पाखरं घालतो. बापूलाही तसंच वाटायचं.

त्या साली हुरड्याला आबांची नात आली होती. नऊ वर्षांची. ती माळ्यावर आबांशेजारी बसली. थव्यात एका भोरडीच्या पंखात पांढरं पीस होतं. पोरीनं ते हेरलं आणि बोटं मोजत बसली. दुपारपर्यंत तिनं मोजलं आणि म्हणाली, "आबा, तीच पाखरं यायलीत. ती पांढऱ्या पिसाची सतरा वेळा आली."

आबा काही बोलले नाहीत.

पोर खाली उतरली आणि बांध ओलांडून बापूच्या माळ्याखाली उभी राहिली. पोरांना बांध दिसत नाहीत. "बापू, तुमचा डबा वाजला की ती आमच्याकडं येतेत आन् आबाची गोफण सुटली की तुमच्याकडं. उडून उडून त्यांला लई भूक लागायली."

रान मोकळं होतं. पोरीचं बोलणं दोन्ही माळ्यांवर ऐकू गेलं.

म्हातारी भाकरी घेऊन आली. पोरीनं तिलाही सतराचा हिशेब सांगितला. म्हातारीनं बांधाकडे पाहिलं. मग आबांना म्हणाली, "अहो, ज्या तासावरून भांडलात ना, तेवढंच सोडा पाखरांना. तिथं आल्यावर हाकलू नका."

त्या रात्री आबा बराच वेळ जागे होते. सकाळी ते माळ्यावर चढले. थवा बांधालगत उतरला. गोफण त्यांच्या मांडीवरच राहिली. थवा आत सरकला तेव्हा मात्र त्यांनी हाळी दिली. तिसऱ्या दिवशी बापूच्या बाजूलाही बांधालगतचं एक तास निघालं, जिथं डबा वाजत नव्हता.

पाखरं काही शहाणी झाली नाहीत. ती आतही घुसली, कणसंही गेली. पण दिवसभर इकडून तिकडे फिरणं थांबलं. पोट भरलं, की थवा बांधावरच्या बाभळीवर बसायचा आणि एकच कालवा करायचा. उन्हं कलली की हरभऱ्यात उतरायचा आणि घाटेअळ्या वेचायचा. याच अळ्यांसाठी कृषी खात्याची माणसं हरभऱ्यात पक्षीथांबे रोवायला सांगतात. इथं बाभळीनं ते काम फुकट केलं.

खळ्यावर शाळू मोजला. दोन पायल्या कमी भरला. आबांनी पुन्हा मोजला नाही.

आपण हाकललेली भूक नाहीशी होत नाही, ती शेजाऱ्याच्या रानात जाऊन बसते आणि तिथून परत येते. एवढी साधी गोष्ट दोन म्हाताऱ्यांना अकरा वर्षांत दिसली नव्हती. एका पोरीला ती अर्ध्या दिवसात दिसली, कारण ती कुणाच्याच बाजूनं मोजत नव्हती.

फाल्गुनात नदीकाठचा पळस पेटला. भोरड्या चार दिवस त्याच्या फुलांत चोची बुडवून बसल्या. मग एका सकाळी बाभूळ रिकामी दिसली. अंगणातला थिरथिराही गेला होता. म्हातारीनं ओसरीवरची खाल्लेली कणसं उतरवली आणि सुतळी गुंडाळून खुंटीला अडकवली.

आबा बांधावर तंबाखू मळत बसले होते. पलीकडून बापू आला. थोडा वेळ नुसता उभा राहिला.

"दादा, चुना हाय का?"

आबांनी डबी पुढे केली.